लेट आलात तर बाहेर थांबा: फर्स्ट पीयूच्या एका मुलीची केस

दरवर्षी जूनमध्ये फर्स्ट पीयूच्या, म्हणजे अकरावीच्या, ॲडमिशन आटोपल्या की आमच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य ठरलेलं असतं, "खेड्यातली मराठी मीडियमची पोरं आलीत, इंग्लिशमध्ये मार खाणार." आणि बरीच पोरं खरंच मार खातात, त्यामुळं ते वाक्य कुणी तपासून बघत नाही. या मुलीच्या बाबतीत मात्र ते लागू पडत नव्हतं, म्हणून तिची सगळी केस नीट लिहून काढतेय.

मी बेळगावातल्या एका पीयू कॉलेजात बायोलॉजी शिकवते आणि २०२४-२५ ला तिच्या सेक्शनची क्लास टीचर होते. मुलीचं नाव, गाव, कॉलेज काहीच लिहीत नाही, नुसतं 'पोरगी' म्हणते, आमच्याकडं घरीदारी तसंच म्हणतात.

ज्यांना इकडची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कर्नाटकात दहावीला एसएसएलसी म्हणतात, तिच्या वेळी ती ६२५ मार्कांची होती, पहिली भाषा १२५ ला आणि बाकीचे पाच विषय शंभर-शंभरला. खानापूर, बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळांत पहिली भाषा मराठी, आणि गणित-विज्ञान-समाजही मराठीतूनच. त्यानंतर दोन वर्षं पीयूसी, आणि त्यालाच लोक 'कॉलेज' म्हणतात. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचं पोर, मार्च-एप्रिलपर्यंत गावच्या हायस्कूलमध्ये युनिफॉर्म घालून प्रार्थनेला उभं असतं आणि जूनमध्ये एकदम 'कॉलेजला जातं'. सायन्स घेतलं तर पुस्तकं एनसीईआरटीची, इंग्लिशमधली, वर्गात नव्वदच्या आसपास पोरं, आणि शिकवणारे प्रत्येक तासाला वेगळे.

पोरगीचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटी रोडवरून आत. वडील गोव्यात गवंडीकाम करतात, पंधरा दिवसांनी चोर्ल्याच्या घाटातून घरी येतात. आई घर, दोन म्हशी आणि डेअरीला दूध घालणं बघते. थोरला भाऊ आयटीआय करून हुबळीला. हायस्कूलमध्ये तिच्या वर्गात तीसेक पोरं होती, मुख्याध्यापकांना प्रत्येकाचं घर माहीत, दोन दिवस शाळेत गेलं नाही तर सर स्वतः गाडी काढून दारात हजर. पोरगी शाळेत पहिली आली, ६२५ पैकी ५५१. गावात फ्लेक्स लागला होता म्हणे. तिच्या शाळेतल्या सरांनीच आग्रह केला की हिला सायन्सला घाला आणि बेळगावला पाठवा.

बेळगावला पाठवणं जमलं याला एक साधं कारण होतं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना, मुलींना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास, शक्ती योजना. त्याआधी रोज एवढ्या लांबून जाऊन-येऊन कॉलेज म्हणजे पासचे पैसे, आणि 'पोरीच्या जातीला कशाला एवढं' हे बोलणं, दोन्ही आलं. आता आधार कार्ड दाखवलं की झिरो तिकीट, त्यामुळं निदान पैशाचा मुद्दा निकालात निघाला. फक्त त्याच योजनेमुळं बस भरते पण तशीच, वाटेतल्या किणये गावापर्यंत येता येता पाय ठेवायला जागा नसते आणि कंडक्टर प्रत्येकीचं झिरो तिकीट काढून झाल्याशिवाय बेल मारत नाही. योजना वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, ती नसती तर ही पोरगी माझ्यासमोर आलीच नसती. पण गाडीची वेळ त्यात गेली हे खरं.

मिडटर्मची मार्कलिस्ट

दसऱ्याच्या सुट्टीच्या तोंडावर मिडटर्म झाली. क्लास टीचर म्हणून सगळ्यांचे मार्क एका शीटवर घालायचं काम माझं. तिची ओळ अशी होती: मराठी ८० पैकी ६८, इंग्लिश ८० पैकी ४९, बायोलॉजी ७० पैकी ४६, केमिस्ट्री ७० पैकी ३३, मॅथ्स ८० पैकी १३, फिजिक्स ७० पैकी ११.

पालक सभेला वडील गोव्याहून सुट्टी काढून आले. त्यांचं निदान तयारच होतं, "मॅडम, इंग्लिशनंच घात केला बघा. शाळेत पहिली आलेली पोरगी ही." त्यांनी तिला स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पण घातलं होतं, शनिवार दुपार आणि रविवार, फी भरून. माझ्या शेजारी बसलेल्या लेक्चरर पण मान डोलावत होत्या, मराठी मीडियम ना, होतं तसं, सेकंड पीयूपर्यंत सुधारेल.

मला ती ओळ पटत नव्हती. इंग्लिश हेच दुखणं असेल तर सगळ्यात आधी बायोलॉजी पडायला पाहिजे. माझा विषय आहे म्हणून सांगते, फर्स्ट पीयूच्या बायोलॉजीत जेवढे अवघड इंग्लिश आणि लॅटिन शब्द आहेत तेवढे बाकी कुठल्याच विषयात नाहीत, प्लांट किंगडमचा एक धडा उघडून बघा, कॉन्व्हेंटच्या पोरांना सुद्धा घाम फुटतो. तिथं ४६. आणि मॅथ्समध्ये तर इंग्लिश असतंच किती, सेट्स आणि ट्रिगनॉमेट्री, तिथं १३, आणि ते सुद्धा दहावीला गणितात नव्वदच्या वर असलेल्या पोरीला. भाषा आड येत असती तर उलटं व्हायला पाहिजे होतं.

मग हजेरी बघितली. पीयूला ७५ टक्के हजेरी लागते, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळं आमच्या ऑफिसातून दर महिन्याला ७५ च्या खालच्यांची यादी निघते, पालकांना फोन जातो. तिचं नाव त्या यादीत एकदाही नव्हतं. एकूण हजेरी ८० च्या वर. पण ही एकूण हजेरी म्हणजे सगळ्या विषयांची बेरीज, रोज सहा तासांतला एक तास बुडाला तरी माणूस आरामात ८० च्या वर राहतो. मी फिजिक्स आणि मॅथ्सची रजिस्टर मागून घेतली. आमच्या टाइमटेबलात सोमवार ते बुधवार पहिला तास फिजिक्स, गुरुवार ते शनिवार पहिला तास मॅथ्स. जुलैपासून त्या तासाला तिच्या नावापुढं जवळजवळ सगळे ए. दुसऱ्या तासापासून रोज पी.

म्हणजे पोरगी रोज कॉलेजला येत होती, आणि रोज पहिल्या तासाला नव्हती.

पहिला तास

कॉलेज नऊला लागतं. तिची बस गावातून सव्वासातला सुटते आणि सरळ आली तर पावणेनऊला बेळगावात आरपीडी कॉलेजच्या कोपऱ्यावर सोडते. सरळ कधी येते ते देवाला माहीत. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, आणि पाऊस नसला तर गर्दी, आणि गर्दी नसली तर तिसऱ्या रेल्वे गेटाजवळचं ट्रॅफिक. बहुतेक दिवशी सव्वानऊ ते साडेनऊ. यापेक्षा आधीची म्हणजे वस्तीची गाडी, पहाटे सहाला सुटते, पण तोपर्यंत म्हशींचं दूध काढून डेअरीला पोचवायचं असतं आणि सकाळचं ते काम पोरगीकडं. शिवाय ती गाडी साडेसातला बेळगावात सोडणार, कॉलेजचं गेट उघडतं साडेआठला, तेवढा वेळ पोरीनं कुठं उभं राहायचं, हा आईचा प्रश्न आणि त्यात चुकीचं काही नाही.

बरं, लेट येणारी ती एकटी नाही. नंदगड, कडोली, उचगाव, कुठून कुठून पोरं येतात, निम्मी गाडीवर अवलंबून. ती सगळी दहा-वीस मिनिटं उशिरा 'मे आय कम इन सर' करून आत घुसतात. ही का नाही घुसली?

हे मला आमच्या झाडलोट करणाऱ्या मावशींकडून कळलं. लेडीज रूमच्या बाहेर कट्टा आहे, तिथं एकदा सकाळी ती बसलेली दिसली, मी विचारलं, काय गे, इथं काय करुलालीस? ती उठून उभी राहिली, काही बोलेना. मावशीच म्हणाल्या, "ही काय आजच बसल्या होय मॅडम, रोज सकाळी हितंच असत्या, वही घेऊन."

"लेट झालं मॅडम," पोरगी म्हणाली.

"मग आत जायचं की."

"सरांनी सांगितलंय, लेट आलं तर भाईरच थांबा म्हणून."

"कधी सांगितलंय?"

"जुलैत."

फिजिक्सच्या सरांना विचारलं तर त्यांना आठवेचना. धारवाडकडचे आहेत, शिकवायला अतिशय चांगले, स्वभावानं मऊ. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एकदा दहा-पंधरा पोरं एकदम दारात येऊन उभी राहिली, बोर्डावर डेरिव्हेशन अर्धवट होतं, तेव्हा ते वैतागून म्हणाले होते, लेट आलात तर बाहेर थांबा. त्या दिवसापुरतं. दुसऱ्या दिवशी तीच पोरं दारात आली, सरांनी न बघताच मान हलवली, पोरं आत गेली. ही नाही गेली. तिच्या हिशेबानं सरांनी नियम केला होता, आणि नियम मागं घेतला असं कुणी सांगितलं नव्हतं. मॅथ्सच्या मॅडमनी तर असं काही म्हटलंच नव्हतं, पण एका सरांचा नियम म्हणजे कॉलेजचा नियम असं तिनं धरलं. तास बुडतोय हे तिला कळत होतं, वाईट वाटत होतं, पण विचारायचं कुणाला, आणि काय विचारायचं? सरांनी सांगितलंय ते खरं का असं सरांना विचारायचं?

मला या सगळ्यातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा जास्त लिहिते. हायस्कूलमध्ये ही पोरगी पहिली का येत होती? हुशार होती हे आहेच, पण सांगितलेलं ऐकत होती हे जास्त. गावच्या हायस्कूलमध्ये सरांनी एकदा सांगितलं की वर्षभर तेच. वही कव्हर घालून आणा, शुद्धलेखन रोज एक पान, रांग मोडायची नाही. सर बदलत नाहीत, नियम बदलत नाहीत, आणि बदलला तर प्रार्थनेनंतर माईकवर सांगतात. अशा ठिकाणी ऐकणारं मूल पुढं जातं. कॉलेजात मात्र रोज शंभर गोष्टी बोलल्या जातात, त्यातल्या निम्म्या त्या क्षणापुरत्या असतात, कुठली खरी धरायची आणि कुठली कानाआड करायची हे कुणी शिकवत नाही. शहरातल्या शाळेतली पोरं, थोडी टवाळ पोरं, ज्यांना हायस्कूलमध्येच कानाआड करायची सवय लागलेली असते, ती इथं चटकन रुळतात. अडकतं ते गुणी मूल. आणि आपण त्याच्याकडं बघून म्हणतो, इंग्लिश कच्चं आहे.

वर्गातल्या वातावरणाबद्दल बाहेरचे लोक हमखास विचारतात, कन्नड-मराठी काही असतं का म्हणून. पोरांच्यात मला तरी दिसत नाही. आमच्या वर्गात बाकं वाटली जातात ती कोण कुठल्या शाळेतून आलं त्यावरून, इंग्लिश मीडियमवाले पुढं आणि फॅनखाली, खेड्यातले, मग मराठी असोत की कन्नड मीडियमचे, मागं आणि भिंतीकडं. बैलहोंगलकडची एक कन्नड मीडियमची मुलगी आणि ही पोरगी, दोघी एकाच बाकावर बसायच्या आणि दोघींचं दुखणं सारखंच होतं. फरक एवढाच, ती हॉस्टेलला राहायची म्हणून वेळेवर यायची आणि फिजिक्समध्ये पास होती. इंग्लिशचा मुद्दा माझ्या दृष्टीनं तिथंच संपला.

फोनचं पण एक होतं. सगळ्या सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर, पीडीएफ ग्रुपवर, फीची तारीख ग्रुपवर. तिच्या गावात रेंज नाही, सकाळी बस किणयेच्या पुढं आली की मोबाईल टुंगटुंग करायला लागायचा आणि तेव्हा आदल्या दिवशीचं सगळं कळायचं. जुलैत असं पण झालं की पावसामुळं खानापूर तालुक्यातल्या शाळा-कॉलेजना सुट्टी जाहीर झाली आणि बेळगाव शहरात कॉलेज चालू होतं, घरचे म्हणाले सुट्टी आहे, ही दोन दिवस आली नाही आणि नेमकं तेव्हाच मॅथ्सची टेस्ट.

मग काय केलं

पहिलं काम सोपं होतं असं वाटेल, तिला सांगायचं की आत जा. मी सांगितलं. ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी परत कट्ट्यावर. माझ्या सांगण्याला तिच्या लेखी अर्थ नव्हता, मी बायोलॉजीची, नियम फिजिक्सच्या सरांचा. मग सरांना मी विनंती केली की तुम्हीच वर्गात बोला, तिचं नाव न घेता. ते बोलले आणि छान बोलले, थोडं कन्नड थोडं इंग्लिश: गाडीमुळं लेट होणाऱ्यांनी मागच्या दारानं यायचं, परवानगी मागायची नाही, मागच्या बाकावर बसायचं, आणि तास संपल्यावर हजेरी लावून घ्यायची. त्या दिवसापासून मागच्या दारानं ती एकटीच नाही, आणखी पाच-सहा जण यायला लागले. त्यांतले दोन मुलगे असे निघाले की ते तिच्यासारखेच बाहेर थांबत होते, फक्त कट्ट्यावर न बसता कॅन्टीनमध्ये, त्यामुळं सगळ्यांच्या मते ते दोघे 'उनाड' होते.

मधल्या काळात वडिलांनी वेगळाच मार्ग काढला होता. वडगावात आत्या आहे, तिच्याकडं ठेवायचं. दिवाळीनंतर पोरगी आत्याकडं राहायला गेली. कॉलेजला अर्ध्या तासात पोचायची, महिनाभर एकही तास चुकला नाही, आणि त्या महिन्यात फिजिक्सच्या टेस्टला पहिल्यांदा पास झाली. कागदावर ही उत्तम व्यवस्था होती.

पण वडगाव म्हणजे विणकरांची वस्ती, आत्याच्या घरात पण माग. दिवसभर खटखट चालू, त्या आवाजाचा त्रास तिला फारसा झाला नाही, त्याची सवय होते म्हणाली. झालं वेगळंच. संध्याकाळी कॉलेजहून आली की आत्या म्हणायची, जरा चहा टाक गे. मग, जरा भाकऱ्या थाप. मग, बसल्या बसल्या तेवढ्या कांड्या भर (मागाला लागणारं सूत कांडीवर गुंडाळायचं काम). आत्या काही दुष्ट बाई नाही, तिचं सगळं घरच त्या मागावर चालतं आणि घरातली पोरगी घरातलं काम करणार हे तिला गृहीत, स्वतःच्या मुलीलाही ती तेच सांगते. फरक असा की आत्याची मुलगी तोंड वर करून म्हणते, आई माझा अभ्यास आहे. ही म्हणत नाही. रात्री साडेनऊ-दहापर्यंत कांड्या, मग अभ्यास, मग वर्गात झोप. मी विचारलं, आत्याला सांगितलंस का की अभ्यास असतो? तर म्हणे, आत्यानं सांगितल्यावर नको कसं म्हणायचं.

परत तेच. कट्ट्यावर बसणं आणि कांड्या भरणं या दोन्हींत मला तरी एकच पोरगी दिसत होती.

डिसेंबरमध्ये ती परत गावाला गेली. तिकडं आईची पण ओढाताण चालली होती, एकटी म्हशी, डेअरी, सगळं. वडील माझ्यावर थोडे नाराज झाले, त्यांना वाटलं मी आत्याकडून काढायला लावलं. मी लावलं नव्हतं, पण ठेवा असंही म्हटलं नव्हतं. माझं मत तेव्हाही होतं आणि आताही आहे की वेळेवर पोचण्यासाठी पोरीला तिच्या घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवणं हा उपाय लोक फार चटकन करतात, आणि त्या दुसऱ्या घरात तिची जागा काय असणार हे कुणी आधी बोलून घेत नाही. आत्याशी वडील एकदा स्पष्ट बोलले असते, की साडेसातनंतर तिला काम सांगू नका, तर कदाचित ती व्यवस्था चालली असती. भावानं बहिणीला असं सांगायचं म्हणजे अवघड, हे पण समजतं.

बुडालेला पोर्शन हा वेगळा डोंगर होता. जुलै ते ऑक्टोबर म्हणजे फिजिक्समध्ये मोशन इन अ स्ट्रेट लाइन, मोशन इन अ प्लेन, लॉज ऑफ मोशन, म्हणजे सगळा पाया. मॅथ्समध्ये फंक्शन्स आणि ट्रिगनॉमेट्री. तिनं काय केलं, बैलहोंगलच्या मैत्रिणीच्या वह्या मागून आणल्या आणि सगळ्या नोट्स सुंदर अक्षरात, निळ्या-काळ्या पेनानं, हेडिंगला अंडरलाइन करून उतरवल्या. दसऱ्याच्या सगळ्या सुट्टीत हेच. वही बघून कुणीही शंभरपैकी शंभर दिले असते आणि त्यातलं एक गणित विचारलं तर सुटत नव्हतं. हायस्कूलमध्ये वही पूर्ण म्हणजे अभ्यास पूर्ण, कारण तिथं वहीत लिहिताना सर समजावत असायचे. इथं समजावणं वजा होऊन नुसती वही उरली होती.

फिजिक्सच्या सरांनी इथं खरी मदत केली. त्यांनी तिला लिहून दिलं की यातलं हे-हे आता सोडून दे, वार्षिक परीक्षेपर्यंत हात लावू नको, आणि एवढीच सोडवलेली उदाहरणं एनसीईआरटीतून, उत्तर झाकून, स्वतः कर. काही सोडायचं असतं ही गोष्ट तिला पचायला दोन आठवडे लागले. "सगळं करायला नको?" असं तिनं मला तीनदा तरी विचारलं. शाळेत पहिली येणाऱ्या मुलांना निम्मं सोडून पास व्हायचं हे अपमानासारखं वाटतं.

मॅथ्सला वेगळा रस्ता सापडला, आणि तो आम्ही काढलेला नाही. संध्याकाळच्या बसला सेकंड पीयूची एक मुलगी असायची, जांबोटीकडचीच, ती पण मराठी मीडियमची. दोघी सीबीटीवरून, म्हणजे बस सुटते त्या स्टँडवरूनच बसायच्या, त्यामुळं जागा मिळायची, आणि दीड तास मॅथ्स, मराठीतून. दहावीची ट्रिगनॉमेट्री दोघींना मराठीत पक्की होती, त्याच्यावर इंग्लिश नावं चढवायची एवढंच. जे तिला कॉलेजात कुणाला विचारता येत नव्हतं ते बसमध्ये अक्काला विचारता येत होतं, कारण अक्का 'सर' नव्हती.

स्पोकन इंग्लिशचा क्लास मी बंद करायला सांगितला. रविवारची सुट्टी तरी तिला मिळावी. वडिलांना हे अजिबात पटलं नाही, फी परत मिळणार नव्हती.

निकाल

फेब्रुवारीत वार्षिक परीक्षा. पोरगी सगळ्या विषयात पास. फिजिक्समध्ये थिअरीला ७० पैकी २९, मॅथ्सला ८० पैकी ४१, बायोलॉजी ५५. प्रॅक्टिकल चांगले गेले, लॅबमध्ये ती पहिल्यापासून चांगलीच होती, लॅब दुपारी असते. ५५१ वाल्या पोरीसाठी हे मार्क काही मिरवण्यासारखे नाहीत आणि गावात फ्लेक्स वगैरे काही लागला नाही. वडील म्हणाले, पास झाली ना, बास.

इंग्लिशबद्दल पण सांगायला पाहिजे, नाहीतर मी दुसऱ्या टोकाला गेले असं होईल. इंग्लिश तिला नडतंच. फिजिक्सच्या पेपरात मोठं गणित शब्दांत दिलेलं असलं की ती दोनदा-तीनदा वाचते आणि तेवढा वेळ जातो, २९ मध्ये तो पण वाटा आहे. बायोलॉजीत ती बरंच पाठ करते, ते मला उत्तरं तपासताना दिसतं, आणि सेकंड पीयूला जेनेटिक्स आल्यावर पाठ करून भागत नाही. केमिस्ट्रीत ती मध्येच कुठंतरी लटकून आहे आणि तिथं आम्ही काहीच केलं नाही, कारण पासपुरते मार्क होते. पण जी पडझड होती ती इंग्लिशनं झाली नव्हती, आणि आम्ही इंग्लिश-इंग्लिश करत बसलो असतो तर ती दुसऱ्या वर्षी पण कट्ट्यावरच असती.

आमच्याकडं झालेला एक बदल लिहिते, बाकीच्या कॉलेजात कुणाला उपयोग झाला तर बघा. आता जुलैअखेर आम्ही एकूण हजेरीबरोबर पहिल्या तासाची हजेरी वेगळी काढतो. फार काम नाही, एका दुपारचं. पहिल्यांदा काढली तेव्हा चार नावं निघाली, त्यातली तीन बसवाली आणि एक शहरातलाच मुलगा, अनगोळमधला, घरापासून कॉलेज चालत पंधरा मिनिटं. त्याची भानगड वेगळीच होती, ती या केसमध्ये नको.

पोरगी सेकंड पीयूला गेली तेव्हा नवं टाइमटेबल लागलं, पहिला तास तीन दिवस केमिस्ट्री आणि तीन दिवस फिजिक्स. बोर्डावर लागलं त्याच दिवशी ती ऑफिसात गेली आणि क्लार्कना विचारलं की पहिला तास मराठी किंवा इंग्लिशचा करता येईल का, गाडीवाली पोरं बरीच आहेत म्हणून. असं बदलता येत नाही, असं उत्तर मिळालं. मग ती प्रिन्सिपॉलांकडं गेली. ते म्हणाले बघू, आणि अजून बघतायत. ती मागच्या दारानं जाते, गाडी जशी येईल तशी.